मालक, मराठी कुठल्या बटणावर आहे?

लातूरच्या संगणक दुकानाचे मालक यांस,

नमस्कार. मायन्यात ‘सप्रेम’ लिहिलेले नाही, कारण मनात प्रेम नाही, राग आहे. तुमच्या दुकानाचे नाव मी इथे घेत नाही. तुम्ही स्वतःला ओळखालच, आणि तुमच्यासारखा धंदा करणारे बाकीचेही ओळखतील.

रेणापूरहून आम्ही तुमच्याकडे आलो ते पुतणीसाठी घरी संगणकाचा सेट घ्यायला. लिपिक-टंकलेखकाच्या नोकरीची तयारी करते ती. दुकानात पाऊल ठेवताच आम्ही सांगितले होते, की हिला मराठी टायपिंगचा सराव करायचा आहे. त्यावर तुम्ही एकच प्रश्न विचारलात, “बजेट किती?” आकडा ऐकलात आणि पोराला हाक मारून खोकी खाली काढायला लावलीत. पोरगी त्यावर काय लिहिणार, खोली कशी आहे, लाइट किती वेळा जाते, हे विचारायची तुम्हाला गरजच वाटली नाही. पुढचे सगळे त्यातूनच घडले.

पहिली गोष्ट कीबोर्डची. तुम्ही आमच्या हातात दिलात तो रंगीत दिवे लागणारा, गेम खेळणाऱ्यांचा आखूड कीबोर्ड. उजवीकडचे आकड्यांचे पॅड नाही, बाणांची बटणे नाहीत, आणि अक्षरे फक्त इंग्रजी. “मराठी कुठे आहे?” असे विचारल्यावर तुम्ही हसलात. “मराठी कोण टाइप करतं ताई आता? मोबाइलमध्ये बोलायचं, आपोआप उमटतं.” मालक, लिपिक-टंकलेखकाच्या पदाला मराठी टंकलेखनाचा वेग मिनिटाला 30 शब्द लागतो. टायपिंगची परीक्षा पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते, आणि तिथे मोबाइलशी बोलून कोणी पास होत नाही. बोटे चालवावी लागतात.

पूर्वी हा सराव टंकयंत्रावर व्हायचा. गोदरेजने 2009 मध्ये टंकयंत्रे बनवणे थांबवले. मराठी टंकयंत्राच्या कळांवर मराठी अक्षरे होती. गरीब घरातली मुले त्यावर बोटे बसवून नोकरीला लागली. टंकयंत्र गेले, संगणक आला, आणि त्याबरोबर कळांवरची मराठीही गेली. संगणकाला मराठी जमत नाही म्हणून ती गेली, असे कुणी समजू नये. देवनागरीसाठीचा इनस्क्रिप्ट कळफलक 1991 पासून भारतीय मानकात आहे. विंडोजमध्ये तो फुकट मिळतो. सेटिंगमध्ये जाऊन मराठी भाषा जोडली की झाले. विंडोजचे बटण दाबून धरून स्पेसबार दाबला की इंग्रजीचे मराठी होते.

मांडणीही सोपी आहे. डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला बहुतेक व्यंजने. क आणि ख एकाच बटणावर, ग आणि घ एकाच बटणावर. शिफ्ट दाबले की दुसरे अक्षर. आमच्या गावाचेच नाव घ्या. जे दाबले की र, एसवर मात्रा, शिफ्ट धरून सी दाबले की ण, ईवर काना, एचवर प, टीवर दीर्घ ऊकार, पुन्हा जेवर र. सात अक्षरकळा आणि एकदा शिफ्ट, की पडद्यावर ‘रेणापूर’ उमटते. पण नवशिक्या पोरीला हे बटणावर दिसायला नको का? रुपयाचे चिन्ह 2010 मध्ये ठरले आणि आज कितीतरी कीबोर्डांवर ते चारच्या बटणावर छापलेले असते. जे चिन्ह कालपरवा आले त्याला बटणावर जागा मिळते, आणि जी अक्षरे 1991 पासून मानकात आहेत ती छापायला जागा नाही? जागा आहे. तुमच्यासारखे दुकानदार ती मागत नाहीत, म्हणून कंपन्या छापत नाहीत. देवनागरी छापलेले कीबोर्ड मागवता येतात, निदान बटणांवर चिकटवायचे स्टिकर तरी ठेवता येतात. तुम्ही दोन्ही ठेवले नाहीत.

दुसरी गोष्ट फॉन्टची. “मराठी टाकून देतो,” म्हणून तुमच्या पोराने पेनड्राइव्हमधला कुठलासा जुना फॉन्ट टाकला. पुतणीने त्यात अर्ज टाइप केला, फाइल दुसऱ्या संगणकावर नेली, आणि तिथे उघडली तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता गोंधळ. हे असे होणारच होते. त्या जुन्या फॉन्टमध्ये आत साठते ते इंग्रजी अक्षराचे सांकेतिक चिन्ह; त्याला मराठीचा मुखवटा घातलेला असतो. मुखवटा नसलेल्या संगणकावर मूळ इंग्रजी चेहरा दिसतो. युनिकोडमध्ये मात्र प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा कायमचा क्रमांक आहे, म्हणून रेणापुरात लिहिलेले मुंबईतही तसेच वाचता येते. सरकारी कामात युनिकोडचा आग्रह आहे तो याचसाठी. ही गोष्ट संगणक विकणाऱ्याला ठाऊक नसेल तर त्याने शिकून घ्यावी, आणि ठाऊक असूनही त्याने जुना फॉन्ट टाकला असेल तर ती फसवणूक आहे.

तिसरी गोष्ट जोडणीची. वायर दिसायला वाईट, म्हणून तुम्ही वायरलेस गळ्यात मारलात. तुमच्या पोराने टेबलाखाली लोखंडी घोड्यावर सीपीयू ठेवला आणि मागच्या निळ्या यूएसबीत डोंगल खोचला. आता पुतणी भराभर टाइप करते आणि मधलीच अक्षरे गळतात. ‘रस्ता’ लिहिताना पाय मोडायचे एक बटण पोहोचले नाही की पडद्यावर ‘रसता’ येते. परीक्षेच्या सरावात ही चूक कोणाची धरायची, पोरीची की तुमची? वायरलेस कीबोर्डचा डोंगल 2.4 गिगाहर्ट्झच्या लहरींवर चालतो, आणि निळ्या यूएसबी 3.0 पोर्टमधून त्याच पट्ट्यात गोंगाट निघतो, हे इंटेलने 2012 मध्येच जाहीर केले होते. डोंगल काळ्या यूएसबीत, छोट्या एक्स्टेंशनने टेबलावर आणला तर त्रास कमी होतो. पण जिथे कीबोर्ड आणि सीपीयूमध्ये दोन हातांचेही अंतर नाही, तिथे वायरलेस हवाच कशाला? वायरवाल्याला सेल लागत नाही, अक्षर गळत नाही, आणि तो स्वस्तही पडतो. टायपिंग क्लासमध्ये आणि बँकेच्या काउंटरवर टक-टक वाजणारे जाड, मेकॅनिकल कीबोर्ड उगाच टिकून नाहीत. त्यात प्रत्येक बटणाखाली स्वतंत्र स्विच असतो, म्हणून रोजच्या माराने ते लवकर बसत नाही.

चौथी गोष्ट सर्वांत गंभीर. आमच्या सॉकेटमध्ये पिन बसेना, तेव्हा तुमच्या पोराने तीन पिनांपैकी जाड पिन पक्कडीने मोडली. ती अर्थिंगची पिन. संगणकाच्या पॉवर सप्लायमधल्या फिल्टरमधून थोडा करंट पत्र्याच्या डब्यावर येतो. अर्थिंग असेल तर तो जमिनीत जातो, नसेल तर हात लावणाऱ्याच्या अंगातून. पुतणीच्या हाताला झिणझिण्या येतात त्या यामुळे. ज्या लातूरला 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथे उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि असलेले अर्थिंगही दुबळे होते, हे इथल्या दुकानदाराला सांगावे लागू नये. खड्ड्यात पाणी घाला, वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या, एवढे बोलायचे सोडून तुम्ही पिन मोडलीत. आणि यूपीएस? त्याचे नावही काढले नाहीत. लाइट गेली की लिहिलेले सगळे जाते. दिव्यांच्या कीबोर्डवर आणि वायरलेस माउसवर घातलेल्या पैशांत साधा कीबोर्ड, वायरचा माउस आणि छोटा यूपीएस बसला असता.

मालक, या माहितीत गुपित काही नाही. आमच्या गरजेचा माल स्वस्त होता आणि तुम्हाला महागडा खपवायचा होता, एवढेच घडले. तालुक्यातून येणारी माणसे पुन्हा बदलून मागायला येत नाहीत, या हिशेबावर तुमचा धंदा चालतो. ही माणसे ऊसबिलातून, सोयाबीनच्या पट्टीतून पैसे बाजूला काढून पोरांसाठी संगणक घेतात. त्यांच्या पैशाला हात लावताना तुम्हाला संकोच वाटायला हवा होता.

आता माझी मागणी ऐका. तो कीबोर्ड आणि माउस परत घ्या, वायरचे द्या, पिन मोडलेल्या वायरीच्या जागी तीन पिनांची नवी वायर द्या. काउंटरवर देवनागरी छापलेला एक तरी कीबोर्ड सगळ्यांना दिसेल असा ठेवा. आणि पुढच्या गिऱ्हाइकाला बजेट विचारण्याआधी विचारा, “यावर काय लिहिणार?”

वाचकांनाही सांगते. मुलांसाठी सेट घ्यायला जाल तेव्हा आधी क्लासमध्ये विचारा, जुन्या टंकयंत्राची रेमिंग्टन मांडणी शिकवतात की इनस्क्रिप्ट. स्टिकर त्याच मांडणीचे घ्या. कीबोर्ड आकड्यांच्या पॅडसह पूर्ण लांबीचा आणि वायरचा घ्या. मराठी युनिकोडमध्येच सुरू करून घ्या. पिन मोडू देऊ नका. आणि पैसे मोजण्याआधी दुकानातच, त्याच कीबोर्डवर, आपल्या गावाचे नाव मराठीत टाइप करून दाखवायला सांगा. दुकानदाराला ते जमले नाही तर पैसे खिशात ठेवा आणि पुढचे दुकान गाठा.

आपली,
रेणापूरची एक ग्राहक