नंबर सांगा

काकांना फोन केला की ते ‘हॅलो’ म्हणत नाहीत. ‘हां, नंबर सांगा’ म्हणतात. इंडियानातल्या नाहीतर केंटकीतल्या कुठल्या तरी गोठ्याच्या माळ्यावरून कुणीतरी गंजक्या पार्टवरचा नंबर वाचून दाखवणार, अशी त्यांना कायम आशा असते. आपण हळदीकुंकवाची वेळ विचारायला फोन केलाय हे कळलं की आवाज पडतो. ‘अगं, तुझा आहे,’ म्हणून फोन काकूंकडे जातो.

ओहायोत, डेटनच्या आसपास, आमच्यात निवृत्त काका पुष्कळ आहेत. कुणी नातवंडांना शाळेतून आणतात, कुणी पुण्यातल्या सोसायटीच्या पार्किंगची भांडणं इथे बसून लढवतात. हे काका पार्ट शोधणाऱ्यांपैकी. सांगलीच्या वालचंदमधून मेकॅनिकल करून इकडे आले, जन्मभर नोकरी केली, आणि निवृत्तीनंतर एका शेतकऱ्याच्या घरच्या लिलावातून १९६६ सालचा कब कॅडेट १२२ घेऊन आले. हा गार्डन ट्रॅक्टर. एक सिलिंडर, बारा हॉर्सपॉवर. घरामागचं गवत कापायचं, हिवाळ्यात बर्फ लोटायचा, भाजीचा तुकडा नांगरायचा, एवढ्यासाठी केलेलं यंत्र. काकांकडे तो यातलं काही करत नाही. गवत कापायला एक कॉलेजचा मुलगा येतो. ट्रॅक्टर गॅरेजमध्ये, आणि दोन्ही गाड्या बाहेर बर्फात.

‘अहो, निदान माझी तरी आत घ्या,’ काकू म्हणतात.

‘तिला वॉरंटी आहे,’ काका म्हणतात.

कब कॅडेटच का, याचं उत्तर ते गोत्रापासून देतात. कऱ्हाडकडे त्यांच्या वडिलांचा महिंद्राचा बी-२७५ होता. महिंद्रानं १९६३ साली व्होल्टास आणि अमेरिकेतल्या इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबर कंपनी काढून ट्रॅक्टर करायला घेतले. बी-२७५ मुळात हार्वेस्टरच्या इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डच्या कारखान्यातला. आणि कब कॅडेट? तोही हार्वेस्टरचाच, लुईव्हिलच्या कारखान्यातला. ‘म्हणजे सख्खं चुलत घराणं की रे!’ शेजाऱ्याचा जॉन डिअर ११० देखणा आहे हे ते मान्य करतात. पण कूळ वेगळं.

एकदा कूळ आलं की पत्रिका आलीच. हार्वेस्टरच्या पार्ट नंबराच्या शेपटाला ‘आर-१’ असेल तर सुटा भाग, ‘आर-९१’ असेल तर जोडणी होऊन आलेला. इथवर ठीक. पण १९८१ मध्ये हार्वेस्टरनं कब कॅडेट एमटीडी कंपनीला विकला आणि १९८५ मध्ये शेतीचा मोठा धंदा टेनेकोच्या मार्फत केसच्या घरात गेला. वाटण्या झाल्यावर व्हायचं ते झालं. जुने नंबर रद्द, त्यांना नवे नंबर, नव्यांना आणखी नवे. काकांच्या वहीत ही सगळी वंशावळ आहे, आणि खाडाखोड एवढी की मूळपुरुष कोण ते आता काकांनाच सांगता येतं. दुकानातला कोवळा पोरगा संगणकात बघून म्हणतो, ‘सर, असं मॉडेलच नाही.’

‘असं कसं? काल बसलो होतो मी त्याच्यावर.’

डुप्लिकेट माल मिळत नाही असं नाही. चिनी कार्बोरेटर स्वस्तात घरपोच येतो, ट्रॅक्टर त्यावर चालतोही. मीच एकदा तसं सुचवलं. काकांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. ‘चालेल रे. पण आतून त्याला काय वाटेल?’ तेव्हापासून मी सुचवणं सोडलं. माझं मत विचाराल तर जगातली निम्मी जुनी यंत्रं बिघाडामुळे नव्हे, मालकाच्या सोवळेपणामुळे बंद पडलेली आहेत.

इंजिन कोहलरचं. हो, तेच कोहलर, नळ आणि कमोडवाले. १८७३ साली विस्कॉन्सिनात सुरू झालेली कंपनी. १८८३ मध्ये तिनं घोड्यांना पाणी पाजायच्या बिडाच्या हौदाला एनॅमल चढवलं, आणि याला चार पाय लावले की न्हाणीचा टब होतो म्हणून विकायला काढलं. बाणेरला भाच्याच्या फ्लॅटची वास्तुशांत होती तेव्हाची गोष्ट. मंडळी ओटा बघत होती, बाल्कनी बघत होती. काका बाथरूममधून बाहेर येईनात. कमोडवरचं नाव वाचून त्यांना भरून आलं होतं. ‘अरे, हा आपल्या इंजिनाच्या घरचा!’ जेवणं झाल्यावर भाच्यानं काकूंना बाजूला घेऊन हळूच विचारलं, मामांची तब्येत बरी आहे ना?

काकांची खरी वारी मात्र पोर्टलंडला. ओरेगनातलं नव्हे, इंडियानातलं. ऑगस्टच्या उत्तरार्धात तिथे जुन्या इंजिनांची आणि ट्रॅक्टरांची जत्रा भरते. मैदानभर टेबलं, टेबलांवर गंज. मी एकदा बरोबर गेलो होतो. काकांनी एक स्टार्टर-जनरेटर उचलला. हे एकच यंत्र आधी इंजिन फिरवून सुरू करतं आणि मग स्वतः डायनामो होऊन बॅटरी चार्ज करत बसतं. मी सरळ किंमत विचारली. काकांनी माझा दंड दाबला. किंमत अशी विचारायची नसते. आधी पाऊस, मग मक्याचा भाव, मग विकणाऱ्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन, मग काकांच्या गुडघ्याचं. हा शिष्टाचार काका कऱ्हाडच्या बाजारातून शिकून आलेत आणि इंडियानात त्याला काडीचा फरक करावा लागत नाही.

मग गाडी पॉइंट-कंडेन्सरवर आली. कोहलरच्या पॉइंटची गॅप वीस थाऊ, म्हणजे इंचाचे वीस हजारांश. ती मोजायचं फीलर गेज जवळ नसेल तर? विकणाऱ्या म्हाताऱ्यानं खिशातून पुठ्ठ्याच्या काड्यांचं पाकीट काढून त्याचं झाकण फाडलं. काकांनी पाकिटातून आमच्या मंडळाच्या अध्यक्षांचं व्हिजिटिंग कार्ड काढलं. दोघांनी एकेक डोळा मिटून, पॉइंटचा जुना जोड आभाळाकडे धरून, दोन्ही पुठ्ठे घालून बघितले. बराच खल झाला. अध्यक्ष थोडे जाड पडले.

गणपती ऑगस्टात आले की काकांची पंचाईत होते. जत्रा सोडवत नाही आणि बाप्पालाही नाही म्हणवत नाही. गेल्या खेपेला मंडळानंच तोड काढली: मूर्तीची ट्रॉली काकांचा ट्रॅक्टर ओढेल. शाळेचं पार्किंग भाड्यानं घेतलं होतं. ढोल सुरू झाले, लेझीम सुरू झालं, काका नव्या झब्ब्यात सीटवर, ट्रॅक्टर पिवळाधमक पुसलेला. निम्म्या वाटेत ‘टक्’ असा आवाज झाला. इंजिन चालू, चाकं जागेवर.

‘शाफ्टची पिन गेली!’ काका खाली न बघताच म्हणाले. ढोलवाल्या पोरांनी मला नंतर विचारलं, काका हसत का होते?

झब्ब्यासकट काका ट्रॅक्टरखाली गेले. गुरुजी घड्याळ बघू लागले. एवढ्यात रस्त्यावरून जाणारा एक पिकअप ट्रक थांबला आणि त्यातून टोपीवाला गोरा म्हातारा उतरला. गुलाल नाही, नऊवार्‍या नाहीत, त्यानं कशाकडेच बघितलं नाही. सरळ ट्रॅक्टरपाशी येऊन वाकला.

‘एकशे बावीस?’

‘सहासष्ट,’ खालून आवाज आला.

म्हाताऱ्याच्या ट्रकमध्ये कॉफीचा डबा होता आणि डब्यात पिना होत्या. तोही खाली गेला. आता बाहेर बुटांचा एक जोड आणि कोल्हापुरीचा एक जोड. ‘काका, मुहूर्त...’ गुरुजी म्हणाले. ‘झालं गुरुजी, भोक जुळतंय,’ खालून उत्तर आलं, आणि त्यानंतर बराच वेळ पावसाबद्दल बोलणं चाललं होतं.

पिन बसली, दोघे बाहेर आले. काकूंनी म्हाताऱ्याच्या हातावर मोदक ठेवला. मोदक खाता खाता त्याची नजर पहिल्यांदा मूर्तीकडे गेली. तो जवळ गेला, मान तिरकी करून त्यानं सोंडेच्या बाजूला निरखून पाहिलं.

‘एक दात तुटलाय,’ तो काकांना म्हणाला. ‘मिळत नाही का?’

गुरुजी काकांकडे बघू लागले. आम्हाला वाटलं, आता व्यास, महाभारत, लेखणी, सगळं येणार. काकांनी फडक्याला हात पुसले.

‘मिळेल की. पण ओरिजिनल असाच आहे. बदलायचा नाही.’

‘अजिबात नाही,’ म्हातारा म्हणाला. ‘भाव उतरतो.’