चेन्नईला बदली: हातात किती पडेल?

साहित्य: ऑफर लेटर, एक्सेल शीट आणि 'तिकडे स्वस्ताई आहे' असं सांगणारा एक मित्र, जो स्वतः तिकडे कधी राहिलेला नाही.

आधी इन्कम टॅक्स नसलेलं राज्य शोधावं. टेक्सासला गेलेल्या चुलतभावाचा पगार न वाढता कसा वाढला, हे तुम्ही चार लग्नांत ऐकलेलं असतंच. आपल्याकडे हे काम लवकर आटपतं. पगारावरचा इन्कम टॅक्स केंद्राचा. पुणे काय नि पेरुंगुडी काय, कात्री तीच. (सिक्कीमी माणसाची तिथली कमाई करमुक्त असते. सिक्कीमी कसं व्हावं, हे या मार्गदर्शिकेत नाही.) १८६० साली जेम्स विल्सनने हा कर आणला, तेव्हा मद्रासचा गव्हर्नर ट्रेव्हेलियन याने उघड विरोध केला. कर राहिला, ट्रेव्हेलियनला परत बोलावलं. तेव्हा एचआरशी वाद घालू नये.

मग प्रोफेशन टॅक्स. महाराष्ट्रात महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३००; सगळ्यांत तोकड्या महिन्याला सगळ्यांत मोठी कात्री. चेन्नईत तो महापालिका घेते, सहामाही १२५०. वर्षाची बेरीज दोन्हीकडे २५००, कारण १९८८च्या घटनादुरुस्तीने घातलेली मर्यादाच तेवढी. फरक शून्य. इथे नवशिके खूश होऊन लॅपटॉप मिटतात.

मिटू नये. घर बघायला जावं.

तिथे डिपॉझिटला 'अ‍ॅडव्हान्स' म्हणतात आणि जुना रिवाज दहा महिन्यांच्या भाड्याचा. तमिळनाडूच्या २०१७च्या कायद्यात तीन महिन्यांची मर्यादा आहे. मी तो मोबाईलवर उघडून घरमालकांपुढे धरला. त्यांनी चष्मा लावला, कलम सावकाश वाचलं आणि सुरुवातीच्या शब्दांवर बोट ठेवलं: करारात वेगळं ठरलं नसेल तर. मग डबऱ्यात फेसाळ कॉफी ओतून माझ्याकडे सरकवली. "टेन मंथ्स, सार." कॉफी उत्तम होती.

विजेचं बिल दोन महिन्यांनी येतं आणि पहिली १०० युनिटं फुकट. त्यामुळे पहिल्या महिन्याच्या रकान्यात 'वीज: ०' लिहून घरी फोन केला जातो. मे महिन्यात, कत्तिरीच्या उन्हात एसी लावल्यावर पुन्हा फोन करावा.

पाण्याला मात्र स्वतंत्र शीट उघडा. टँकरला तिथे 'लॉरी' म्हणतात. २०१९च्या उन्हाळ्यात शहर तिच्याच वाटेकडे डोळे लावून बसलं होतं. प्यायला वीस लिटरचा कॅन. आमच्या बोअरच्या पाण्यात तुरीची डाळ चार शिट्ट्यांनंतरही दाताखाली कचकचायची, म्हणून वरणही कॅनच्याच पाण्याचं. सांबारालाही तेच. आठवड्याला दोन कॅन धरले होते, लागले चार.

जमेच्या बाजूला: साध्या सिटी बसमध्ये बायकांना २०२१पासून तिकीट नाही, त्यामुळे बायकोचा प्रवासखर्च शून्य. २०१३ साली अम्मा उणवगम सुरू झालं तेच एक रुपयाच्या इडलीने. या दोन ओळींनी शीट एकदम हिरवीगार दिसते.

शेवटी 'गावी जाणं' हा रकाना. यात गणपतीचं तिकीट धरा, दिवाळीचं धरा, आणि येताना आईने दिलेल्या गोड्या मसाल्याचं, भाजणीचं विमानातलं जादा वजन. आई म्हणते, तिकडे काही मिळत नाही.