राजाला शह, मला चेक

व्युत्पत्ती सांगायची खाज सुटली की समोर कोण आहे हे मी बघत नाही. 'चेक' हा तर माझा हातखंडा प्रयोग. मूळ शब्द फारसी, 'शाह'. बुद्धिबळात राजावर हल्ला झाला की 'शाह!' म्हणून बजावायची पद्धत. अरबांमार्फत तो शब्द युरोपात गेला, जुन्या फ्रेंचमध्ये 'एशेक' झाला आणि इंग्रजीत 'चेक' होऊन उतरला. आपला 'शह' त्याच घराण्यातला, फक्त दुसऱ्या वाटेने आलेला. चेकमेट म्हणजे 'शाह मात': राजा मेला. काही जाणकार म्हणतात, मेला नाही, हतबल झाला. मला हे दुसरं मत जास्त पटतं. स्वानुभव आहे.

लेकीकडे न्यू जर्सीला गेलो होतो. नाशिकचे व्याही आणि विहीणबाईही तेव्हा तिथेच होत्या. एका शनिवारी सगळे बाहेर जेवायला निघालो. "आजचं जेवण आमच्याकडून," असं मी गाडीतच जाहीर केलं. हिने डोळ्यांनी शाबासकी दिली.

आइस्क्रीम संपत आलं तेव्हा वाढणारी मुलगी वाकून म्हणाली, "रेडी फॉर द चेक?" मला वाटलं, जेवण बरं होतं की नाही याची चौकशी चालली आहे. एवढ्या चांगल्या जेवणाची तपासणी कशाला? मी दोन्ही हात हलवून म्हणालो, "नो, नो चेक! एव्हरीथिंग गुड!" ती गोड हसली आणि गेली ती गेलीच. ग्लासातला बर्फ वितळला. विहीणबाईंनी दोनदा घड्याळ पाहिलं. शेवटी जावई माझ्या कानाशी कुजबुजला, "बाबा, इथे बिलालाच चेक म्हणतात." (आणि बिल म्हणतात नोटेला. आता बोला!) तोवर हात धुवायला म्हणून उठलेले व्याही पाकीट खिशात सारत परत आले होते. हिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ते जास्त लागलं.

परतताना अब्रू सावरायला मी थेट बाराव्या शतकात शिरलो. इंग्लंडच्या राजाचा हिशेब तेव्हा एका टेबलावर होई. लांबी सुमारे 10 फूट, रुंदी 5 फूट. दुसऱ्या हेन्रीचा खजिनदार रिचर्ड फिट्झनील याने हे सगळं लिहून ठेवलंय. टेबलावर रेघारेघांचं काळं कापड, दिसायला बुद्धिबळाच्या पटासारखं. त्यावर सोंगट्या सरकवून राजाच्या अधिकाऱ्यांकडची येणी मोजत. म्हणून खजिन्याचं नाव पडलं 'एक्स्चेकर', आणि ब्रिटनच्या अर्थमंत्र्याच्या हुद्द्यात ते आजही आहे. चौकड्यांचा शर्ट याच पटावरचा. शह म्हणजे अडवणं, अडवण्यातून आलं तपासणं, तपासण्यातून बँकेचा कागद. त्या कागदाच्या इंग्रजी स्पेलिंगमधला 'क्यू' एक्स्चेकरच्या संगतीने आला. अमेरिकेने मात्र साधा 'के'च ठेवला. विहीणबाई झोपल्या होत्या. व्याही मात्र प्रत्येक वेळी योग्य जागी "हं" म्हणत होते. माणूस मोठ्या मनाचा.

भारतात आल्यावर त्यांचे पैसे मी चेकने पाठवले. ज्या कागदाचं बाराव्या शतकापासूनचं गोत्र आपण सांगितलं, त्यावरच परतफेड शोभून दिसेल, असं वाटलं. अक्षरी रक्कम लिहिताना एक अक्षर चुकलं. ते गिरवून दुरुस्त केलं आणि वडिलांच्या शिस्तीनुसार बाजूला झोकदार सही ठोकली. हल्ली बँकाबँकांत चेकचा कागद फिरत नाही, त्याचं छायाचित्र फिरतं. त्यामुळे तारखेपलीकडे कसलीच खाडाखोड चालत नाही. हे मला कळलं ते व्याह्यांच्या फोनवरून.

"अहो, चेक परत आला. पण राहू द्या हो, काही घाई नाही," ते म्हणाले.

राहू द्या काय? न वटलेल्या चेकचा आकार बँकेने त्यांच्याच खात्यातून कापून घेतला होता. म्हणजे जेवण त्यांनी घातलं, आणि माझ्या परतफेडीचा खर्चही त्यांनीच केला. ही म्हणाली, "यूपीआय करा." नंबर तिने स्वतः टाकला. फोन माझ्या हातात दिला नाही.