मैदान कुठलं म्हणालात?

क्रिकेटवर लिहून पोट भरणाऱ्या माणसाला मॅचच्या आठवड्यात लोक विचारतात, ‘पास मिळतील का हो?’ आणि एरवी विचारतात, ‘पण काम काय करता?’ वर्तमानपत्राच्या क्रीडा विभागात रात्रपाळ्या करून माझे केस पिकले, तरी सासरेबुवांच्या लेखी मी पगार घेऊन मॅच बघणारा जावईच राहिलो. हा धंदा गंभीर आहे हे पटवायला मी त्यांना इंग्रज क्रिकेट समालोचक ख्रिस्तोफर मार्टिन-जेन्किन्स यांच्या गोष्टी सांगू लागलो.

सगळे त्यांना सीएमजे म्हणत. समालोचक व्हायला काय करावं लागतं, असं तरुणपणी त्यांनी थेट बीबीसीचे समालोचक ब्रायन जॉन्स्टन यांनाच पत्रातून विचारलं. जॉन्स्टननी त्यांना जेवायला बोलावलं आणि टेपरेकॉर्डर घेऊन मैदानावर बोलायचा सराव कर म्हणून सांगितलं. आपल्याकडे आधी बी.कॉम. पूर्ण कर म्हणाले असते.

१९७३मध्ये ते बीबीसीचे क्रिकेट प्रतिनिधी झाले. पुढे ‘द क्रिकेटर’चं संपादन, मग ‘डेली टेलिग्राफ’, मग ‘टाइम्स’. आणि रेडिओवरचं ‘टेस्ट मॅच स्पेशल’ होतंच. तिथे समालोचकाची पाळी वीस मिनिटांची. तेवढ्या वेळात सीएमजेंचं बोलणं इस्त्रीच्या सदऱ्यासारखं. वाक्य सुरू केलं की मध्ये विकेट पडो नाहीतर पाऊस, ते क्रियापदापर्यंत सुखरूप पोचणार. आणि चेंडू कुठे गेला एवढ्यावर थांबणार नाहीत. तो अडवायला कोण धावलं, धावा किती झाल्या, सगळं ऐकणाऱ्याच्या पदरात.

पोचायची पंचाईत असे ती त्यांची स्वतःची. सामना ओव्हलवर आणि सीएमजे लॉर्ड्सच्या दारात! एक मैदान थेम्सच्या उत्तरेला, दुसरं दक्षिणेला. मोबाइलचा जमाना आला तेव्हा एका दौऱ्यावर हॉटेलातल्या टीव्हीचा रिमोट खिशात घालून ते बाहेर पडले आणि त्याच्यावरूनच फोन लावू लागले, असं त्यांचे सहकारी सांगत. घरबसल्या माणसाला नेमक्या खुर्चीत नेऊन बसवणाऱ्या या गृहस्थांना मैदानावर आणून बसवायला मात्र निर्मात्याला देव पाण्यात ठेवावे लागत असणार.

सासरेबुवांनी शांतपणे ऐकून घेतलं. ‘म्हणजे,’ ते म्हणाले, ‘हे पगार घेऊन उशिरा मॅच बघायचे.’

मी जॉन आर्लट काढले. १९८०मध्ये लॉर्ड्सवर या थोर समालोचकाने शेवटची पाळी संपवली ती कसलंही भाषण न ठोकता. आता ट्रेव्हर बेली बोलतील आणि त्यांच्यानंतर मार्टिन-जेन्किन्स, एवढंच सांगून माइक सोडला. केवढा वारसा! ‘त्या दिवशी वेळेवर आले होते का?’ सासरेबुवा.

मग मी केकवर आलो. श्रोते ‘टेस्ट मॅच स्पेशल’च्या मंडळींना प्रेमाने केक पाठवतात, २००१मध्ये तर लॉर्ड्सवर खुद्द राणीकडून आला होता. आमच्या डेस्कवर पान सोडायच्या घाईत गार वडापाव, तोही वर्गणीचा. हे ऐकून त्यांना पहिल्यांदाच माझी कीव आली. धंद्याची नाही, माझी.

२०१०मध्ये सीएमजे एमसीसी या क्रिकेट क्लबचे अध्यक्ष झाले. एमसीसीचं बिऱ्हाड लॉर्ड्सवरच. म्हणजे आता सामना कुठेही असो, चुकून लॉर्ड्सला गेले तरी तेवढं वर्षभर ते कामावरच.