पावकी न शिकलेलं यंत्र

23 जून 2016 ला ब्रेक्झिटच्या मतदानात इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्री शहरात 85,097 जणांनी युरोपीय संघ सोडायचा कौल दिला, 67,967 जणांनी राहायचा. आता हे आकडे सी किंवा जावा या संगणकभाषांमध्ये पूर्णांक म्हणून भरा, एकूण 1,53,064 ने भागा आणि मग शंभराने गुणा. निकाल: सोडणारे शून्य टक्के, राहणारेही शून्य टक्के. भांडणच मिटलं! भागाकार 0.55 आला की यंत्र दशांशापुढचं सगळं झाडून टाकतं. उरलेल्या शून्याला शंभराने गुणून येणार काय, कपाळ?

आमच्या आजोबांना पावकी, निमकी, पाऊणकी तोंडपाठ. इथे लाखाचं यंत्र अर्ध्याला ओळख देत नाही. इंग्रज वाळीत टाकण्याला 'कॉव्हेंट्रीला पाठवणं' म्हणतात. अपूर्णांकाची रवानगी तिथेच.

बरं, आधी गुणा, मग भागा. 55 आणि 44 येतात. बेरीज 99! (हरवलेला एक टक्का बहुधा त्या दिवशी गावाला गेला असावा.) त्यापेक्षा भागायच्या आधीच एक आकडा दशांशी करून घ्या आणि छापताना एकच स्थळ ठेवा: 55.6 आणि 44.4.

आणि हो, सीच्या प्रिंटएफ या छापायच्या आज्ञेमध्ये टक्क्याचं एक चिन्ह उमटवायला ते दोनदा लिहावं लागतं.