नानांचं भोगवर्धन

जालन्याच्या स्टँडवर गाडीत बसलं की माणूस कंडक्टरला 'भोकरदन' म्हणतो आणि पैसे पुढे करतो. नाना गावाचं जुनं नाव घेऊन 'एक भोगवर्धन' म्हणतात. कंडक्टर नवा असला की तो मशीनवर बोट फिरवत राहतो, मागचे प्रवासी ओरडायला लागतात आणि नाना त्याला शांतपणे सातवाहन राजांपासून समजावून सांगतात. राजूर येईपर्यंत तिकीट निघतं. जुने कंडक्टर काही न विचारता भोकरदनचं तिकीट हातावर ठेवतात आणि वर विचारतात, "नाना, सातवाहनांना ज्येष्ठ नागरिकाची सवलत लागते का हो?"

असा एक माणूस प्रत्येक तालुक्याच्या गावाला असतोच. सिल्लोडला असेल, जाफराबादला असेल. जगात कुठंही काही झालं तरी त्याचा आपल्या गावाशी संबंध असणारच, अशी त्याची खात्री असते. आमच्या नानांची पंचाईत वेगळी आहे. त्यांच्याकडे खरोखर पुरावे आहेत. थापाड्याला हसून सोडून देता येतं, खरं बोलणाऱ्यापासून सुटका कशी करून घ्यायची?

नाना वीज मंडळात वायरमन होते. गावातला प्रत्येक खांब त्यांनी चढून पाहिलाय. पण त्यांची खरी नोकरी १९७३ साली लागली, असं ते मानतात. त्या वर्षी केळना नदीच्या काठी नागपूर आणि मराठवाडा या दोन विद्यापीठांनी मिळून उत्खनन केलं. शां. भा. देव आणि गुप्ते हे त्या कामाचे प्रमुख. नाना तेव्हा शाळकरी पोर. शाळा बुडवून खड्ड्याच्या कडेला उभं राहायचं आणि मजुरांना प्यायला पाणी आणून द्यायचं, एवढंच त्यांचं काम. आता मात्र सांगताना 'आम्ही खोदलं तेव्हा' अशी सुरुवात होते. नानी आतून म्हणतात, "घरामागची मोरी तुंबलीय दोन दिवसांपासून, ती खोदा आधी."

त्यानंतर हस्तिदंती बाई येते. भोकरदनला हस्तिदंताच्या स्त्रीमूर्तीचा तुकडा सापडलेला आहे. इटलीत पाँपेई नावाचं शहर इसवी सन ७९मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं. तिथं १९३८ साली एक भारतीय हस्तिदंती मूर्ती निघाली. तिचं आणि आमच्या तुकड्याचं बरंच साम्य आहे. ती भोकरदनकडूनच गेली असावी असं काही अभ्यासक म्हणतात, काही जण दुसरी गावं सांगतात. नाना पहिल्या गटाचं वाचतात आणि दुसऱ्या गटाला 'अभ्यास कमी पडला' म्हणून माफ करतात. टीव्हीवर इटलीचा फुटबॉल सामना लागला तरी ते पोरांना विचारतात, "कुठल्या गावाशी चाललंय यांचं? पाँपेईकडचे असतील तर आपलेच की!"

'आपलंच की' आणि 'पुरावा आहे' या दोन वाक्यांवर नानांचा संसार चालतो.

गल्लीतल्या एका मुलानं अमेरिकेतून पेरूची सहल केली आणि माचू पिचूचे फोटो ग्रुपवर टाकले, तिथून हे प्रकरण पेटलं. काचेच्या छताची रेल्वे, खाली फेसाळणारी उरुबांबा नदी, डोंगराच्या माथ्यावर इंका राजांचे चिरेबंदी वाडे, बरोबर टोपीवाला गाइड. गल्ली दिवसभर हात जोडत होती, अंगठे दाखवत होती. नानांनी रात्री एकच ओळ टाकली : 'बांधकाम इ.स. १४५० च्या सुमारास. म्हणजे परवा.'

पण झोप लागली नाही, हे नानींनी सकाळी सांगितलं. काचेच्या छताचं त्यांना विशेष लागलं होतं. "खिडकी असताना छताला काच कशाला?" असं ते दूधवाल्यालाही विचारत होते. दुपारपर्यंत निर्णय झाला होता : आपणही रेल्वेनं जायचं, डोंगरावरचे अवशेष पाहायचे, आणि ते असे की ज्यांवर आपल्या गावाचं नाव कोरलेलं आहे. सांची! तिथल्या स्तूपाला दान देणाऱ्यांची नावं दगडांवर आहेत आणि त्यांतले काही 'भोगवढन'चे आहेत. पुरावा आहे.

भोकरदनला रेल्वे नाही, हे नानांच्या दृष्टीनं तात्पुरतं आहे. जालना–जळगाव मार्गाला ऑगस्ट २०२४मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली, १७४ किलोमीटर, भोकरदनवरून. तेव्हापासून नाना लोकांना खिडकी कुठल्या बाजूची धरायची ते सांगतात, म्हणजे अजिंठ्याचा डोंगर नीट दिसेल. त्या डोंगरात लांबलचक बोगदा होणार आहे आणि खिडकीतून अंधार दिसणार आहे, हे त्यांना सांगायचं धाडस अजून कोणी केलेलं नाही.

तर आम्ही दहा-बाराजण जालन्याहून सचखंड एक्स्प्रेसमध्ये बसलो. नानींच्या पिशवीत दशम्या, धपाटे आणि पिंपळगाव रेणुकाईच्या मिरचीचा ठेचा. नानांच्या पिशवीत लॅमिनेट केलेल्या झेरॉक्स. छत्रपती संभाजीनगरला शीख सेवेकरी लंगर घेऊन आले. या गाडीचा हा रिवाज सगळ्यांना माहीत असतो, लोक आपापली भांडी काढून बसतात. नानांनी डबा पुढे केला, वरण-भात घेतला आणि वाढणाऱ्या मुलाला विचारलं, "कहाँ के?" तो नांदेडचा निघाला. "मग गोदावरीकाठचे. म्हणजे सातवाहनांचेच की!" त्याला अजून पन्नास माणसांना वाढायचं होतं. तो हसून 'जी, जी' म्हणाला आणि पुढे सरकला. समोरच्या बर्थवर झाशीला निघालेला फौजी होता. भुसावळ येईपर्यंत त्याचा भोगवर्धनचा अभ्यास पूर्ण झाला आणि खांडव्याच्या आधी तो वरच्या बर्थवर जाऊन तोंडावर चादर ओढून झोपला. फौजेतला माणूस, पण त्यालाही माघार घ्यावी लागली.

मध्यरात्र उलटल्यावर भोपाळ आलं. पहाटे पॅसेंजर धरून सांचीला उतरलो. स्टेशनातून बाहेर पडलं की टेकडी दिसतेच. नानांनी खिशातून दोनशेची नोट काढली, मागची बाजू वर केली आणि टेकडीकडे धरून ताडून पाहिली. स्तूप नोटेवर आहे, हे आम्हाला त्यांनीच सांगितलं होतं. दोनशेची नोट ते सहसा मोडत नाहीत. मोडावी लागली तर दुकानदाराला आधी मागची बाजू दाखवतात.

वर एक गाइड ठरवला. पंचवीस-तिशीचा, हुशार, बोलणं पाठ. अशोकानं मूळ स्तूप बांधला, पुढे तो वाढवला, १८१८ साली टेलर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला तो जंगलात दिसला, १९१२पासून मार्शलनं डागडुजी केली, १९८९ साली युनेस्कोची यादी. नाना मान डोलावत होते, पण ती मान वर्गात उत्तर माहीत असलेल्या मुलाची होती. दक्षिण तोरणाशी आल्यावर गाइड म्हणाला, "यहाँ राजा सातकर्णी के कारीगरों के मुखिया आनंद का लेख है।"

"आपलेच की!"

"आपके रिश्तेदार?" बिचाऱ्यानं खरंच विचारलं.

त्याच तोरणावर विदिशेच्या दंतकारांचाही लेख आहे. हस्तिदंत कोरणाऱ्यांनी हे दगडी काम केलं, असं त्यात लिहिलंय. हे ऐकून नानांचा चेहरा पडला. हस्तिदंत आणि भोकरदन नाही? क्षणभर विचार करून ते म्हणाले, "विदिशेचे असतील. पण शिकले कुठं?"

खरा घोळ कठड्याशी सुरू झाला. स्तूपाभोवतीच्या दगडी कठड्यावर, फरसबंदीवर शेकड्यांनी छोटे छोटे लेख आहेत. अमक्या गावच्या अमक्याचं दान, तमक्या भिक्खुणीचं दान. १८३७ साली जेम्स प्रिन्सेपला ब्राह्मी लिपी उलगडली ती याच लेखांवरून. बहुतेकांच्या शेवटी तीच दोन अक्षरं पाहून त्याला वाटलं, हे 'दानं' असणार. नानांनाही ब्राह्मीतली तेवढीच दोन अक्षरं पक्की येतात. 'न' त्यांनी आम्हाला शिकवला : "खांब उभा, खाली आडवी पट्टी. आर्थिंग समजा. शेजारी टिंब दिलं की नं." पुढचा तासभर भोकरदनची दहा माणसं वाकून वाकून आर्थिंग शोधत होती. 'दानं' पन्नास ठिकाणी सापडलं. त्याच्या आधीचं गाव कोणालाच वाचता येईना. नाना गुडघ्यावर बसून झेरॉक्स दगडाशेजारी धरत, मान तिरपी करत, चष्मा कपाळावर चढवत आणि पुढच्या दगडाकडे सरकत. दगडाला हात लावायचा नाही म्हणून एक हात पाठीमागे बांधलेला. वरून ऊन.

नानी सावलीत बसल्या होत्या. "त्या भोगवर्धनात नळाला रोज पाणी येत होतं का, तेवढं कुठं लिहिलंय का बघा," असं म्हणून त्यांनी दशमी काढली.

गाइडला पुढचं गिऱ्हाईक दिसत होतं. त्यानं एका दगडावर बोट रोखलं आणि ठासून सांगितलं, "बाबूजी, यही है। भोगवर्धन।" आम्ही सगळे सुटलो, फोनचे कॅमेरे वर झाले. कोणीतरी 'भोकरदन की' एवढं म्हटलंही, 'जय' व्हायची बाकी होती. नानांनी झेरॉक्स लावली. एकेक अक्षर बोटानं हवेत गिरवलं. मग उठले, गुडघे झटकले आणि म्हणाले, "नाही. भ जमतोय. ग जमत नाही."

"नाना, असू द्या की. कोणाला कळतंय?"

"मला कळतंय ना!"

मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. पाँपेईपासून फुटबॉलपर्यंत सगळं 'आपलंच' करून टाकणारा माणूस एका 'ग'वर अडून बसला होता. फोटो काढू दिला नाही तो नाहीच. "पुस्तकात छापलेलं आहे, म्हणजे इथं आहे. आपल्याला दिसलं नाही, तो आपला दोष. दुसऱ्याच्या दानावर आपलं नाव घालायचं नाही." बहुधा दुसऱ्या कुठल्या गावचे नाना कधीतरी येतील आणि तो दगड त्यांचा निघेल, ही काळजी त्यांना पडली असावी.

उतरताना ते जरा वेळ गप्प होते, आणि नाना गप्प म्हणजे आम्हाला काळजी. पायऱ्यांवर थांबून म्हणाले, "बैलगाडीच्या काळात भोकरदनचा माणूस इथवर दान पोचवत होता. आणि दगड केवढा, नाव केवढं, बघितलं का? कोपऱ्यात, एका ओळीत. आमच्या देवळात तीन पात्यांचा पंखा देतात आणि तिन्ही पात्यांवर नाव टाकतात. फिरायला लागला की वाचता येत नाही म्हणून बंद ठेवायला सांगतात." मग गणपतीच्या वर्गणीवर घसरले. पावतीपुस्तक दिसलं की आमच्या गल्लीत कोण कोण संडासात जाऊन बसतं, याची नावानिशी यादी झाली. त्यातले दोघे सहलीत होते.

गाइडनं पैसे घेताना विचारलं, "बाबूजी, आपके गाँव में देखने लायक क्या है?" नानांनी त्याला केळनेच्या काठची लेणी सांगितली, अन्व्याचं देऊळ, राजूरचा गणपती, अजिंठा तासा-दीड तासावर. उत्खननाची जागा दाखवीन म्हणाले. पत्ता आणि फोन नंबर लिहून दिला, मुक्काम आपल्याकडेच, जेवणाची काळजी नको. नानी दशमीचा घास तोंडाशी धरून ऐकत होत्या. मग त्यांनी उरलेला ठेचा त्या मुलाच्या कागदात बांधून दिला आणि बजावलं, "थोडा थोडा खाना."

परतीच्या गाडीत नाना खिडकीशी बसले. भोपाळ मागे पडल्यावर मला जवळ बोलावलं, आवाज खाली आणला, म्हणजे नानींना ऐकू जाणार नाही एवढा त्यांना वाटणारा.

"त्या पेरूवाल्या पोराला एक विचार. नेपल्सहून पाँपेईला लोकल जाते म्हणतात. बसायला जागा मिळते का?"

"पासपोर्ट काढलाय का आधी?" वरच्या बर्थवरून नानींचा आवाज आला.