ट्रॅक्टरची खांदेमळण

गेल्या वर्षी दसऱ्याच्या तिसऱ्या दिवशी आमच्या ट्रॅक्टरला ताप भरला आणि निम्मं गाव त्याला बघून गेलं. त्याच्या आदल्या वर्षी मी डेंग्यूने आठ दिवस अंथरुणाला खिळलो होतो, तेव्हा एवढी माणसं आली नव्हती. जी आली ती पपईच्या पानांचा रस सांगून चहा पिऊन गेली. ट्रॅक्टरला मात्र लोक बोनेट उघडून, वाकून, हात लावून बघत होते.

झालं ते असं. सोयाबीनची गंजी शेतात उभी आणि आभाळ भरून आलेलं. आमच्या लातूर भागात ऑक्टोबरातलं काळं आभाळ म्हणजे रात्री साडेअकराला वाजलेला फोन. त्यात चांगली बातमी नसतेच. घाईघाईने मळणीचा हडंबा जोडला, तो फिरवणारा पीटीओ टाकला, माणसं गंजीवर चढवली. जेमतेम वीस पोती झाली असतील, तेवढ्यात माझं लक्ष काट्याकडे गेलं. आमच्या ट्रॅक्टरसमोर चार काटे आहेत. पैकी तीन केव्हाच देवाघरी गेले. चौथा तापमानाचा, तो तेवढा जिवंत. तो हिरवी पट्टी ओलांडून लाल पट्टीत जाऊन बसला होता.

त्यानंतरच्या पाच मिनिटांत मी ओळीने तीन चुकांच्या वाटेला गेलो.

पहिली चूक, इंजिन तडकाफडकी बंद केलं. खरं तर अशा वेळी पीटीओ सोडवून इंजिन थोडा वेळ रिकामं, हळू चालू ठेवायचं असतं. पंखा फिरत राहतो, वॉटर बॉडी पाणी खेळवत राहते आणि ताप बेताबेताने उतरतो. पाणीच संपलं असेल तर गोष्ट वेगळी. एकदम बंद केलं, की पाणी जागच्या जागी थबकतं आणि इंजिनाच्या पोटातली सगळी धग त्यातच मुरते.

दुसरी चूक, रेडिएटरचं झाकण उघडलं. आत दाब असतो, म्हणून पाणी 100 अंशांना उकळत नाही. चौरस इंचाला 7 पौंड दाब धरणारं झाकण असेल, तर पाणी 110 अंशांच्या आसपास जाईपर्यंत गप्प बसतं. गप्प बसलेलं पाणी आणि गप्प बसलेलं माणूस, दोघांचंही झाकण काढायच्या आधी विचार करावा. मी केला नाही. अर्ध्या फेऱ्यातच फस्सकन फवारा उडाला. तोंड बाजूला होतं म्हणून वाचलो. टोपी मात्र गंजीपलीकडे जाऊन पडली आणि वरच्या माणसांनी ती भुशाबरोबर पोत्यात भरली.

तिसरी चूक होता होता राहिली. मी माठातलं गार पाणी रेडिएटरमध्ये ओतायला धावलो, तर भाकरी घेऊन आलेली आई बांधावरून ओरडली, "आरं थांब! तापल्या तव्यावर गार पाणी टाकतंय का कोणी? तडकंल की!" ट्रॅक्टरचं हेड बिडाचं आहे हे मला माहितीपुस्तकात वाचून माहीत होतं. बिडाचा तवा कसा तडकतो हे आईला माहीत होतं. हेड वाचलं ते तिच्या माहितीमुळे.

मग भेटीगाठी सुरू झाल्या.

पहिले आले शेजारचे आबा. त्यांनी ऑईलची काडी ओढली, बोटाला लावून उन्हात धरली आणि म्हणाले, "दुधाच्या चहासारखं दिसलं तर समजायचं, हेड गॅसकेट गेलं. ऑईलमध्ये पाणी उतरलं." आमचं ऑईल काळंभोर, काढ्यासारखं. मला हायसं वाटलं. आबा जरा नाराज झाले. मुद्दाम बघायला आल्यावर निदान गॅसकेट तरी जायला हवं होतं, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

मग पुतण्या. तो पॉलिटेक्निकला आहे. त्याने सांगितलं, की डिझेल जळून जी शक्ती निघते तिचे ढोबळमानाने तीन वाटे होतात. एक वाटा काम करतो, दुसरा धुराड्यातून धूर होऊन जातो आणि तिसरा नुसता इंजिन तापवत बसतो. त्याला आवरायला रेडिएटर. आई म्हणाली, "म्हंजे आपल्या घरावानीच." आम्ही तीन भाऊ. कोण काम करतो, कोण धूर सोडतो आणि कोण नुसता तापतो ते तिने सांगितलं नाही. बघितलं मात्र माझ्याकडे.

संध्याकाळी दाजी आले. "थर्मोस्टॅट काढून फेका," ते मोटारसायकलवरून न उतरताच म्हणाले. थर्मोस्टॅट म्हणजे पाण्याच्या वाटेवरचा दारवान. पाणी 80-82 अंशांवर आलं, की तो दार उघडून पाण्याला रेडिएटरकडे सोडतो. तोवर इंजिन लवकर तापू देतो. पुतण्याने तो काढला आणि चहाच्या पातेल्यात पाणी तापवून त्यात सोडला. पाण्याला वाफा धरल्या आणि दारवानाने शहाण्यासारखं दार उघडलं. म्हणजे त्याच्यात काहीच खोट नव्हती. पण दाजी म्हणजे घरचे जावई. त्यांचा शब्द मोडता येईना, म्हणून चांगला थर्मोस्टॅट मोडीत निघाला. चहाच्या पातेल्याला डिझेलचा वास लागला तो वेगळाच. त्यावरून बायकोच्या तापमानाचा जो काटा वर गेला, त्याला कुठलाही थर्मोस्टॅट पुरला नसता.

कूलंटवरून पारावर दोन तट पडले. एक म्हणे, "आपल्याकडं काय बर्फ पडतो का? कूलंट कशाला? बोअरचं पाणी ओता." आमच्या बोअरच्या पाण्याने नळाची तोटी वर्षात पांढरी होते. तेच पाणी रेडिएटरच्या बारीक नळ्यांत क्षाराचे थर चढवतं. धग आतच अडकते आणि रेडिएटर नावापुरता उरतो. कूलंट गोठण्यापासून वाचवतं तसंच गंजापासूनही वाचवतं आणि पाण्याची उकळी पुढे ढकलतं. हे मी पारावर सांगितलं. पारावर खरं बोलणाऱ्याचं जे होतं ते माझं झालं.

दोन दिवसांत मी नवा पंख्याचा पट्टा आणला, नवं झाकण आणलं, होज पाईप आणि क्लॅम्प आणले. आईने लिंबू-मिरची बांधली. खर्चाच्या वहीत ट्रॅक्टरच्या नावाचं पान उलटलं. ट्रॅक्टर सुरू केला, हडंबा लावला, आणि दहाव्या मिनिटाला काटा लाल पट्टीत. त्याला आता तिथली सवय झाली होती.

शेवटी तालुक्याचा मिस्त्री आला. त्याने ऑईलची काडी ओढली नाही, झाकणाला हात लावला नाही. तंबाखू मळली, ट्रॅक्टरच्या तोंडापुढे उकिडवा बसला आणि विचारलं, "मालक, जाळी कधी धुतली होती?"

"कोणती जाळी?" मी विचारलं.

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, की मी दहावीला गणितात कसाबसा सुटलो होतो तेही त्याला कळलं असावं. मग पुढची जाळी उचकटून त्याने ती पोत्यावर झटकली. आधी सोयाबीनचा भुसा पडला. मग काड्या. मग झेंडूच्या पाकळ्या, चांगल्या ओंजळभर. तेलकट धुळीत कालवून वाळलेल्या. आणि त्यामागून आपट्याची पानं, एकेक करत.

दसऱ्याला आम्ही ट्रॅक्टरला हातभर जाड हार घातला होता, तोही बरोबर तोंडासमोर. घरातल्या प्रत्येकाने बोनेटवर सोनं ठेवलं होतं. पंखा समोरून हवा ओढतो, हे देवालाही माहीत असेल; आम्हाला नव्हतं. हार, सोनं आणि त्यावर हडंब्याचा भुसा असं सगळं ट्रॅक्टरने भक्तिभावाने ओढून घेतलं होतं आणि श्वास कोंडल्यावर ताप काढला होता.

मिस्त्रीने एक पान उचललं, पुसलं, माझ्या हातावर ठेवलं आणि म्हणाला, "घ्या सोनं. माझे पाचशे."

मग कामाला लागला. पंख्याच्या बाजूने बाहेरच्या दिशेला हवा मारली, म्हणजे कचरा आला त्या वाटेने परत जातो. समोरून मारली तर आणखी आत ठासतो. पाणी मारलं ते बेताने, कारण जोराच्या धारेने पातळ पत्रे मुडपतात. पट्टा अंगठ्याने दाबून बघितला, अर्धा इंच दबला तसा पुढे सरकला. गंजलेलं लाल पाणी सोडून दिलं, आत धुऊन कूलंट भरलं. दाजी गावाला गेलेत याची खात्री करून मी थर्मोस्टॅट परत बसवून घेतला. जाताना मिस्त्री म्हणाला, "वारं बघून ट्रॅक्टर लावत जा. भुसा तिकडं, ट्रॅक्टर इकडं." उरलेली गंजी त्या रात्री निघाली. काटा हिरव्या पट्टीत शांत बसून होता.

आईला मात्र एकच घोर. "मग काय रे, पूजा करायची न्हाई का?"

मिस्त्री गाडीला किक मारता मारता म्हणाला, "करा की मावशी. पण आंघोळ आधी का पूजा आधी?"

आई गप्प झाली. थोड्या वेळाने स्वतःशीच म्हणाली, "बैलाला आपण आधी धूत होतो."

खरंच होतं. दारात बैल होते तेव्हा पोळ्याच्या आदल्या दिवशी त्यांची खांदेमळण व्हायची. जुवाने घट्टे पडलेले खांदे हळद-तुपाने चोळायचे. पोळ्याला ओढ्यावर नेऊन घासून धुवायचे, आणि मगच झूल आणि गोंडे. बैल गेले, ट्रॅक्टर आला. झूल आणि गोंडे तेवढे आम्ही त्याच्या अंगावर चढवले. खांदे चोळायचं काम बैलांबरोबर विकून टाकलं.

या वर्षी पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी मी ट्रॅक्टरची जाळी काढून घासायला बसलो. पारावरून कोणीतरी विचारलं, "काय झालं ओ? परत ताप?"

"न्हाई," आई दारातून म्हणाली, "खांदेमळण चालली हाय."

हाराचाही तोडगा तिनेच काढला. दसऱ्याला तो मागच्या हुकाला बांधला. मागून पाहिलं तर आमचा ट्रॅक्टर मुंडावळ्या उलट्या बांधलेल्या नवरदेवासारखा दिसत होता. पण नवरदेव तापला नाही, आणि आमच्या भावकीच्या लग्नांत हे पहिल्यांदाच घडत होतं.